पोकलेनच्या इंजिनातील सेन्सर व त्यांच्या दोषांची पारख

उन्हाळा तापू लागला की बारामती व इंदापूर तालुक्यांतील तलावांचे पाणी मागे हटते आणि गाळ काढण्याच्या व शेततळी खोदण्याच्या कामास वेग येतो. शिर्सुफळ, शेटफळ हवेली यांसारख्या जुन्या तलावांच्या काठचा गाळ ट्रॅक्टरने वाहण्याजोगा वाळावा आणि मृगाच्या पावसापूर्वी तो शेतात पसरून व्हावा, यासाठी हाती दिवस फार थोडे असतात. शासनाची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ साली सुरू झाली. तीत आणि खाजगी कामांतही खोदाईचा मुख्य भार पोकलेन यंत्रावरच असतो. अशा वेळी यंत्राच्या पडद्यावर तांबडा दिवा लागतो, इंजिनाची शक्ती आपोआप घटते आणि भाड्याने आणलेले ट्रॅक्टर ओळीने उभे राहतात. चालक म्हणतो, "सेन्सर गेला." नवा सेन्सर मागविला जातो, तो बसविल्यावरही दिवा तसाच राहतो, आणि तोवर दोन-तीन दिवस वाया गेलेले असतात.

दिवा लागला याचा अर्थ सेन्सर बिघडला असा नव्हे. सेन्सर हा ज्वरमापकासारखा आहे. ज्वरमापक जास्त ताप दाखवीत असेल तर रोगी खरोखर तापलेला असेल किंवा ज्वरमापक फुटका असेल. यंत्रात आणखी एक तिसरी शक्यता असते, ती म्हणजे सेन्सरपासून नियंत्रकापर्यंत जाणारी तार व तिचे जोड. रानात काम करणाऱ्या यंत्रात या तिसऱ्या ठिकाणी दोष निघण्याचा संभव मोठा असतो, आणि नेमके तेच ठिकाण सर्वांत शेवटी पाहिले जाते.

या तीन शक्यता वेगळ्या करण्याचे साधन यंत्राने स्वतःच दिलेले असते. पुष्कळशा नव्या यंत्रांच्या पडद्यावर दोषांक दोन भागांत उमटतो. पहिला भाग, ज्यास एसपीएन म्हणतात, दोष कोठे आहे ते सांगतो. ११० म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे तापमान, १०० म्हणजे ऑइलचा दाब व १९० म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा वेग. दुसरा भाग, एफएमआय, दोष कोणत्या प्रकारचा आहे ते सांगतो, आणि खरे महत्त्व त्यास आहे. हा अंक ३, ४ किंवा ५ असेल तर विजेचे मान बिघडले आहे, म्हणून तार, जोड व सेन्सर तपासावेत. हा अंक ० किंवा १ असेल तर सेन्सर व तार यांचे काम नीट चालू आहे असे नियंत्रकास वाटते आणि प्रत्यक्ष इंजिनच मर्यादेबाहेर गेले आहे. ११० बरोबर ० दिसल्यास पाणी खरोखर तापले आहे असे धरावे. १०० बरोबर १ दिसल्यास ऑइलचा दाब खरोखर उतरला आहे असे धरून इंजिन तत्काळ बंद करावे, पट्टीने ऑइलची पातळी पाहावी आणि साध्या काट्याच्या दाबमापकाने खात्री होईपर्यंत पुन्हा सुरू करू नये. अशा वेळी सेन्सरची तार काढून दिवा घालविणे म्हणजे इंजिन जाळून घेणे होय. काही उत्पादक स्वतःचे निराळे अंक वापरतात, त्यांचा अर्थ यंत्राच्या पुस्तिकेत मिळतो.

पडद्यावर अंक उमटत नसले तरी एक तपासणी बिनखर्चाची आहे. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या यंत्राची किल्ली फिरवावी, पण इंजिन सुरू करू नये. या वेळी पाण्याचे व आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे, म्हणजे बाहेरच्या हवेइतके दिसले पाहिजे. ऑइलचा दाब शून्य असावा. थंड इंजिनात पाणी सव्वाशे अंशांवर किंवा शून्याखाली दिसले तर दोष इंजिनाचा नव्हे, हे चहा होण्यापूर्वीच कळते.

पुढचे काम मल्टिमीटरचे. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बहुधा दोन तारांचा असतो, आणि तो जसजसा तापतो तसतसा त्याचा विद्युतरोध घटतो. पुष्कळ सेन्सरांत हा रोध २० अंशांस दोन ते तीन हजार ओहम, तर ८० अंशांस तीनशे ओहमच्या आसपास असतो. सेन्सर काढून गरम पाण्याच्या भांड्यात धरला व रोध सावकाश उतरत गेला तर तो चांगला आहे. इंजिन गरम असताना मात्र तो काढू नये व रेडिएटरचे झाकणही उघडू नये.

तार तपासण्याची रीत याहून सोपी आहे. दोषांकात ४ असेल तर सेन्सरचा जोड काढावा. ४ जाऊन ३ आला तर तार ठीक असून सेन्सर आतून जोडला गेला आहे. ४ तसाच राहिला तर तार कोठेतरी सांगाड्यास टेकली आहे. दोषांकात ३ असेल तर जोड काढून त्यातील दोन्ही टोके तारेच्या तुकड्याने एकमेकांस जोडावीत. ४ आला तर तार शाबूत आहे, ३ राहिला तर ती तुटली आहे. ही रीत फक्त दोन तारांच्या तापमान-सेन्सरची आहे. दाबाच्या सेन्सरला बहुधा तीन तारा असतात. एकीवर ५ व्होल्ट, दुसरी ऋण आणि तिसरी साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टपर्यंत संदेश नेणारी. तेथे टोके जोडून पाहू नयेत, व्होल्ट मोजावेत. अनेक सेन्सर एकदम बिघडल्याचे दिसल्यास सर्व बदलण्याची घाई करू नये. ५ व्होल्टची तार काही सेन्सरांना सामाईक असते, म्हणून एकातील दोषाने बाकीचे आजारी भासतात. एकेक जोड काढीत जावा, ज्याचा जोड काढताच ५ व्होल्ट परत येतात तोच अपराधी.

तार बिघडण्याची कारणे या भागात पाहावयास दूर जावे लागत नाही. यंत्र उसाच्या बांधालगत उभे राहिले की उंदीर तारांचे आवरण कुरतडतात. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील क्षारपड जमिनीत काम करताना खारा ओलावा जोडांत शिरतो आणि पितळी टोकांवर हिरवट गंज चढतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने इंजिन धुतल्यानेही हेच होते. गंज दिसल्यास जोडासाठी मिळणाऱ्या विद्युत-स्वच्छकाने टोके साफ करून वाळवावीत. तपासणीसाठी तारेचे आवरण सुईने टोचू नये, त्याच भोकातून पुढे ओलावा शिरतो.

बकेटचे दात रानातच वेल्डिंग करून बसविण्याची प्रथा सर्वत्र आहे. त्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी आणि वेल्डिंगची अर्थिंग पकड दाताच्या अगदी जवळ लावावी. ती दूर सांगाड्यास लावल्यास प्रवाह यंत्रभर फिरतो आणि नियंत्रक व सेन्सर निकामी होण्याची भीती असते. कारागिरास बोलाविताना त्यास नुसते "दिवा लागला" असे न कळविता दोन्ही दोषांक, यंत्राचे चालू तास आणि दिवा थंड इंजिनात लागला की गरम, हे लिहून द्यावे. म्हणजे तो योग्य सामान घेऊनच निघतो.