श्रुतिका सापडली, नावं राहिली

रामनवमी जवळ आली की नाशिकच्या पंचवटीत काळाराम मंदिरापासून सीतागुंफेपर्यंत कुठल्या ना कुठल्या दुकानात गीतरामायण लागलेलं असतं. आवाज अर्थातच सुधीर फडक्यांचा. तिथल्या कुणा जुन्या माणसाला विचारलं तर तो छातीवर हात ठेवून सांगेल, ‘अहो, पूर्वी रेडिओवर लागायचं ते हेच.’ पण रेडिओवर लागायचं ते हे नव्हतं.

१ एप्रिल १९५५ ला, त्या वर्षीच्या रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली फडक्यांच्या. आठवड्याला एक गाणं. वर्षाची बावन्न व्हायची, पण त्या साली अधिक महिना आला म्हणून ती छप्पन्न झाली. ही मालिका एका गायकाची मैफल नव्हती. रामाचं गाणं फडके म्हणत, सीतेसाठी माणिक वर्मा होत्या, कौसल्येसाठी ललिता फडके. शिवाय लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, राम फाटक, मालती पांडे, बबनराव नावडीकर असे कितीतरी आवाज. पात्रागणिक गळा बदलत होता, म्हणजे एका परीने ते गाण्यांतून उलगडणारं नभोनाट्यच होतं. पुढे एचएमव्हीने ध्वनिमुद्रिकांचा संच काढला तो छप्पन्नच्या छप्पन्न गाण्यांचा, एकट्या फडक्यांच्या आवाजात. घराघरांत तोच पोचला आणि लोकांच्या आठवणीत मूळ प्रसारणाच्या जागी जाऊन बसला. शूर्पणखा, कांचनमृग, दारात आलेला याचक हे प्रसंग ज्या पंचवटीत घडले असं आपण मानतो, तिथेही त्या पात्रांचे रेडिओवरचे पहिले आवाज फारसे कुणाला ठाऊक नाहीत. मूळ प्रसारणातली काही गाणी आता इंटरनेटवर मिळतात. ती एकदा ऐका, आपण ज्याला गीतरामायण म्हणत आलो ते किती वेगळं होतं ते कळेल.

महाराष्ट्राच्या सर्वांत लाडक्या रेडिओ कार्यक्रमाची ही गत, तर दर आठवड्याला लागून जाणाऱ्या श्रुतिकांचं, म्हणजे रेडिओवरच्या नाटकांचं, काय झालं असेल?

‘पुन्हा प्रपंच’ हे नाव काढलं की सत्तरीतल्या माणसाचा चेहरा अजून उजळतो. मुंबई केंद्रावरची ही कौटुंबिक श्रुतिका. प्रभाकरपंत म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू (पुढे करुणा देव, संगीतकार यशवंत देवांच्या पत्नी), आणि टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी. तीन माणसं, एक घर आणि त्या आठवड्याचा महागाईचा किंवा पाहुण्यांचा प्रश्न, एवढ्या भांडवलावर तो कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला. नाशिकला तेव्हा स्वतःचं केंद्र नव्हतं. आज गंगापूर रोडला ‘आकाशवाणी टॉवर’ हा रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता झालाय. त्या काळी मुंबई नाहीतर पुणे पकडायचं, तेही मध्यम लहरींवर. दिवसा आवाज त्यातल्या त्यात बरा. अंधार पडला की या लहरी वरच्या वातावरणावर आपटून लांब लांब पसरतात, दूरची केंद्रं एकमेकांत मिसळतात आणि आवाज जातो-येतो. मीनावहिनींचं वाक्य अर्ध्यावर विरून जायचं आणि नंतरचं हसू तेवढं ऐकू यायचं. नाशिककरांनी श्रुतिका ऐकल्या त्या अशा, काही कानांनी आणि काही अंदाजाने.

एवढ्या लाडक्या कार्यक्रमाचे सगळे भाग क्रमाने ऐकायचे म्हटलं तर आज ऐकता येत नाहीत. तुकडे मिळतात.

अमेरिकेशी ताडून पाहिलं तर त्याचं कारण स्पष्ट होतं. १९३० ते १९५० च्या दशकांतली तिथली हजारो रेडिओ नाटकं आज फुकट ऐकायला मिळतात. ऑर्सन वेल्सचं मंगळावरच्या स्वारीचं १९३८ चं नाटक आहे, ‘सस्पेन्स’ नावाची १९४२ पासून वीस वर्षं चाललेली मालिका आहे. ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर असे ढीग पडलेत. तिथल्या लोकांना आपल्यापेक्षा वारशाची जाण जास्त होती, असं काही नाही. तिथलं रेडिओ नाटक साबण आणि सिगारेट विकणाऱ्यांच्या पैशावर चालायचं. जाहिरातदाराला पुरावा हवा, दुसऱ्या वेळेच्या पट्ट्यातल्या केंद्राला तोच कार्यक्रम नंतर लावायचा, परदेशातल्या सैनिकांपर्यंत तो पोचवायचा. म्हणून सोळा इंची तबकड्यांवर प्रती निघत. कार्यक्रम संपला की तबकडी अडगळीत जाई. पुढे हौशी लोकांनी त्या शोधल्या, फितीवर उतरवल्या, आपसांत वाटल्या, आणि मग संगणक आला.

आपल्याकडे आकाशवाणी सरकारी. विविध भारतीवर जाहिराती आल्या त्याच मुळी १ नोव्हेंबर १९६७ ला, मुंबई, पुणे आणि नागपूरवरून. श्रुतिकेची दुसरी प्रत काढायची गरज कुणालाच नव्हती. त्यात फीत महाग. प्रसारण झालं की पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम घ्यायचा, हा जगभरच्या रेडिओ केंद्रांचा रिवाज. ब्रिटनच्या बीबीसीनेही तेच केलं. शास्त्रीय संगीत आणि पुढाऱ्यांची भाषणं जपून ठेवण्याजोगी मानली गेली. टेकाडे भावजींचा विनोद त्या यादीत कशाला बसेल?

कोलकात्याचं उदाहरण या बाबतीत हेवा वाटावा असं आहे. १९३१ पासून महालयाच्या पहाटे लागणारी ‘महिषासुरमर्दिनी’ आणि तिच्यातला बीरेंद्रकृष्ण भद्रांचा आवाज बंगाल्यांनी इतका आपला मानला, की १९७६ साली त्यांच्या जागी साक्षात सिनेनट उत्तमकुमारला आणलं तेव्हा श्रोत्यांनी गहजब केला आणि आकाशवाणीला जुना कार्यक्रम परत लावावा लागला. श्रोत्यांनी हट्ट धरला की कार्यक्रम टिकतो. आपण असा हट्ट कधी धरला नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

मग मराठी श्रुतिका उरल्या कुठे? काही आकाशवाणीच्या संग्रहात. प्रसार भारतीने आपल्या जुन्या खजिन्यातलं बरंच काही यूट्यूबवर आणलंय, निरनिराळी केंद्रंही अधूनमधून जुन्या गोष्टी काढतात. पण बऱ्याच उरल्या त्या तुमच्या-आमच्या घरातल्या कॅसेटवर. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट बाजारात आणली, पुढे रेडिओ-टेप एकत्र असलेला टू-इन-वन घरोघरी आला आणि श्रोत्याच्या हाती पहिल्यांदाच कार्यक्रम धरून ठेवायचं साधन पडलं.

पंचवटीतला एक जुना वाडा पाडायला निघाला, तेव्हा तिथल्या परिचितांनी मला एक कॅसेट दिली. साठ मिनिटांची. वर शाईने ‘श्रुतिका – पुसू नये’ एवढंच. मागचे दोन्ही प्लास्टिकचे कान मोडलेले, म्हणजे चुकूनही कुणी तिच्यावर गाणी भरू नयेत याची तजवीज. लावली. आधी खरखर, मग निवेदिकेचं अर्धं वाक्य. बटण दाबायला उशीर झालेला. त्यात नाटकाचं नाव गेलं. मग दार वाजतं, कुणी ‘आलात का?’ म्हणतं आणि गोष्ट सुरू. मध्येच खऱ्या घरातल्या कुकरची शिट्टी. यंत्र रेडिओसमोर नुसतं ठेवून टेप केलं होतं, हे त्या शिट्टीवरून कळलं. ऐन भांडण रंगात आलं आणि तीस मिनिटांची बाजू संपली. दुसऱ्या बाजूला सुरुवात होते तोवर भांडण मिटून गेलेलं. शेवटी निवेदिका ‘भाग घेणारे कलाकार होते...’ म्हणाली आणि तिथे कुणीतरी यंत्र बंद केलं. टेप करणाऱ्याच्या दृष्टीने नाटक संपलं होतं ना! नाव नाही, लेखक नाही, नट नाहीत, तारीख नाही.

इंटरनेटवरच्या मराठी रेडिओ नाटकांची अवस्था नेमकी अशीच आहे, फक्त संख्येने मोठी. चढवणारा हौसेने चढवतो, पण सुरुवातीचं निवेदन आणि शेवटची नामावळी ‘कंटाळवाणी’ म्हणून कापून टाकतो. तीच तर त्या ध्वनिमुद्रणाची ओळख! वर शीर्षक ठोकतो, ‘जुने दुर्मिळ मराठी नाटक’. त्यात एखादं रंगभूमीवरचं नाटकही नभोनाट्य म्हणून खपवलेलं असतं. हा घोळ मात्र सहज ओळखता येतो. हशा-टाळ्या ऐकू आल्या तर ते नाट्यगृहात टेप केलेलं. स्टुडिओतल्या श्रुतिकेत प्रेक्षक नसतात आणि लेखकाला डोळे मिटून लिहावं लागतं. म्हणून पहिल्या दोन मिनिटांत पात्रं एकमेकांना नावाने हाक मारतात, त्याशिवाय कोण बोलतंय ते कळणार कसं? माणूस घराबाहेर जातो तेव्हा नट माइकपासून मागे सरकतो. जागा बदलली की आवाज विरतो, संगीताची एखादी सुरावट येते आणि नवा प्रसंग उघडतो. करवंट्या आपटल्या की घोडा, पत्रा हलवला की गडगडाट.

आणखी एक गंमत हेडफोन लावून ऐकणाऱ्यांसाठी. जुन्या फितीवरून उतरवलेल्या नाटकात कधी कधी वाक्य सुरू होण्याच्या क्षणभर आधी तेच वाक्य अगदी पुसटसं ऐकू येतं. फीत वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका थरावरचं चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटतं, त्याचा हा परिणाम. असं पुसटसं पूर्वसूचन ऐकू आलं तर कुठेतरी फीत बहुधा होती, असं समजायला हरकत नाही. उलट आवाज पाण्यात बुडाल्यासारखा बुळबुळीत येत असेल, ‘स’ आणि ‘श’ फिसफिसत असतील, तर ती एमपीथ्रीची एमपीथ्री, तिची पुन्हा एमपीथ्री आहे. किंवा कुणीतरी खरखर काढण्याच्या नादात माणसाचा आवाजही खरवडलाय. अशी ‘स्वच्छ’ केलेली प्रत मला खरखरीच्या प्रतीपेक्षा वाईट वाटते. मध्यम लहरींवरून मुळातच आवाजाची वरची पट्टी कमी पोचते; उरलीसुरली आपण कशाला काढायची?

जमवणाऱ्याने म्हणून एक शिस्त पाळावी. कॅसेट उतरवायची तर प्लेअरचं हेड स्पिरिटने पुसून घ्यावं, वर्षानुवर्षं पडून असलेली फीत आधी एकदा पुढे-मागे फिरवावी, मग संगणकाला तार जोडून ऑडॅसिटीसारख्या फुकट प्रणालीत घ्यावी. पहिली प्रत वेव्ह फाइलमध्येच ठेवावी, न कापता, न धुता, कुकरच्या शिट्टीसकट. ऐकायला आणि वाटायला वेगळी एमपीथ्री करावी. फाइलच्या नावात केंद्र, नाटक, लेखक, साल आणि ती कुणाच्या घरून मिळाली ते लिहावं. ठाऊक नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाकावं, अंदाज ठोकू नये; इंटरनेटवर एकाने टाकलेला चुकीचा अंदाज दहा ठिकाणी उतरवला जातो आणि मग तेच खरं ठरतं.

कायद्याकडेही काणाडोळा करून चालणार नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रसारणावरचा प्रसारकाचा हक्क पंचवीस वर्षांचा, पण लेखकाचा हक्क त्याच्या निधनानंतर साठ वर्षं चालतो. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. जुनं आहे म्हणून फुकट, असा हिशेब नाही. घरची कॅसेट घरच्यांसाठी उतरवून ठेवणं वेगळं आणि जगासाठी चढवून त्यावर जाहिराती मिळवणं वेगळं. श्रुतिकेचा लेखक कोण हे कळलं तर त्याच्या घरच्यांना विचारणं अवघड नसतं. त्यासाठी आधी तो लेखक कोण ते कळायला मात्र हवं.

त्या पंचवटीच्या कॅसेटमधला नायक कोण, ते मला अजून कळलेलं नाही. एका आजोबांनी ऐकून ‘हा आवाज मुंबई केंद्राचा’ एवढं छातीठोक सांगितलं, नाव ओठांवर आलं, पण बाहेर पडलं नाही. आवाजावरून नट ओळखणारी पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. बाळ कुडतरकर २०२० साली गेले. नीलम प्रभू त्याआधीच गेल्या. स्टुडिओत त्यांच्यासमोर उभं राहून काम केलेली माणसं आता मोजकीच, आणि संगणकाला कितीही आवाज ओळखता आले तरी तुलना करायला आधी नाव लिहिलेला एक तरी नमुना लागतो.

तेव्हा माळ्यावर, कपाटाच्या खालच्या खणात, गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात जुन्या सामानाच्या पालावर कुठे अशी कॅसेट दिसली तर ती आणा. उतरवून घ्या, आणि घरातल्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांना शेजारी बसवून ऐकवा. ते जे नाव सांगतील ते त्याच दिवशी कागदावर लिहा आणि तो कागद कॅसेटच्या डबीत घाला.