दुरंगी इंजिन
(नभोवाणीवरील भाषण)



आगगाडीच्या इंजिनाची लहानशी प्रतिकृति करून ती रंगविणें हा पोरखेळ आहे, असें पुष्कळांस वाटतें. पण आपल्या मराठवाड्याकडे पाहिलें म्हणजे या खेळाचें मोल निराळें दिसूं लागतें. बार्शीची अडीच फुटी चिमुकली गाडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंजिनियरानें १८९७ सालीं सुरू केली; १९११ सालीं ती लातुरास येऊन पोहोंचली आणि पुढें जवळजवळ शंभर वर्षें धांवली. २००८ पर्यंत कुर्डुवाडी ते लातूर हा सारा मार्ग रुंद झाला. नांदेडावरून जाणारी मीटर गेजची वाटहि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तशीच रुंद झाली. जुनीं इंजिनें गेलीं. त्यांचा घाट नकाशांत सांपडेल. परंतु रंग मात्र पाहणारांच्या डोळ्यांबरोबरच नाहींसा होतो, कारण जुनीं छायाचित्रें बहुधा काळींपांढरीं असतात. म्हणून योग्य रंगांत रंगविलेली प्रतिकृति ही एक प्रकारची नोंदच होय.

रंग हा आगगाडीचा नुसता साज नव्हे, ती तिची ओळखहि आहे. १ जून १९३० रोजीं दख्खनची राणी धांवूं लागली, तेव्हां तिच्या डब्यांचा एक संच रुपेरी व किरमिजी, तर दुसरा निळा व सोनेरी होता. पुढें डिझेल इंजिनें आलीं, तीं बहुधा दुरंगी. आणि निरनिराळ्या शेडींचे रंगहि इतके निरनिराळे कीं, जाणकार मनुष्य पट्टा पाहून इंजिनाचें घर ओळखी.

आतां या दोन रंगांमधील रेघ सरळ कशी यावी, हाच आजचा प्रश्न. पुण्यास कोथरुडमध्यें जोशी यांचें लहान रेल्वेचें संग्रहालय आहे; तेथील गाड्या सत्त्याऐंशींस एक या प्रमाणाच्या आहेत. या प्रमाणांत सतरा मीटरांचें डिझेल इंजिन जेमतेम वीस सेंटिमीटर भरतें. रंग एक मिलिमीटर जरी पाझरला, तरी खऱ्या इंजिनावर तो पावणेनऊ सेंटिमीटर पाझरल्यासारखा दिसतो. ब्रशनें दिलेला जाड थर रिव्हेटींचीं डोकीं बुजवून टाकतो. म्हणून रंग फवाऱ्यानें, पातळ थरांत द्यावा लागतो. आणि फवारा आपली मर्यादा ओळखीत नसल्यामुळें ती टेपनें आंखून द्यावी लागते. रांगोळीच्या छाप्याचें तत्त्व तेंच येथें आहे: जेथें रंग नको, तें आधीं झांकावें.

प्रथम प्रतिकृति कोमट पाण्यांत साबणानें धुवावी. बोटांचें तेल राहिलें तर रंग धरत नाहीं. वाळल्यावर तिला आंतून लांकडी काठीचा आधार द्यावा, म्हणजे पुढें हात लागत नाहीं. मग करड्या अस्तराचा पातळ थर द्यावा. त्यानंतर फिका रंग आधीं व गडद मागून. कारण गडदावर फिका रंग बसविण्यास अनेक थर लागतात, आणि थर वाढले कीं बारकावे बुडतात. इनॅमल रंग असल्यास दोन-तीन दिवस थांबावें. नाक जवळ नेलें असतां वास येत असेल, तर तो वाळलेला नाहीं असें समजावें.

टेप लावणें हा या कामाचा प्राण आहे. दुकानांतील टेपेच्या कडेस धूळ व खरड असते. ती कांचेवर चिकटवून, पोलादी पट्टी व नवें पातें घेऊन दोन-तीन मिलिमीटरांची पट्टी कापावी. मग इंजिन सपाट कांचेवर उभें करून, रेघेची उंची दोन्ही बाजूंस कांचेपासूनच मोजावी. पट्टी न ताणतां बसवावी. ताणलेली टेप मागाहून आंखडते व रेघ वांकते. दारांच्या कडा, जाळ्या व रिव्हेटी यांच्याभोंवतीं ती दांतकोरण्यानें दाबावी. उरलेला भाग रुंद टेप व कागद यांनीं झांकावा.

एवढें करूनहि टेपेखालीं केसाएवढी फट राहतेच, आणि पातळ रंग वातीत तेल चढावें तसा तींत शिरतो. त्यावर उपाय सोपा आहे. टेपेच्या कडेवर प्रथम त्याच फिक्या रंगाचा अगदीं हलका फवारा मारावा. जें पाझरावयाचें तें हेंच पाझरतें आणि फट बंद होते. खालीं तोच रंग असल्यामुळें डाग दिसत नाहीं. तें वाळल्यावर गडद रंग द्यावा. एअरब्रश असल्यास रंग दुधाइतका पातळ व अंतर चार इंचांच्या आसपास ठेवावें. तयार डब्याचा फवारा असल्यास सुमारें नऊ इंच. फवारा इंजिनाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा, आणि टेपेच्या कडेखालीं त्याचें तोंड कधींहि रोखूं नये.

गडद रंग बसला पण कडक झाला नाहीं, अशा वेळीं टेप काढावी. ती वर न उपटतां, स्वतःवरच दुमडून सावकाश ओढावी. कडेस उंचवटा राहिल्यास, रंग पूर्ण वाळल्यावर अतिबारीक पॉलिश-पेपर पाण्यांत भिजवून हलकेच फिरवावा. क्रमांक त्यानंतर व वॉर्निश सर्वांच्या शेवटीं.

आपल्या हवेचाहि विचार करावा लागतो. नांदेड-लातुराकडील वैशाखांत फवाऱ्यांतील रंग इंजिनापर्यंत पोहोंचण्यापूर्वींच सुकूं लागतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळी दमट दिवशीं लॅकर पांढुरका पडतो. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. त्यांतहि पहाटेची थंडी ओसरल्यावरची, वारा न सुटलेली सकाळ. खिडकी उघडी असावी, नाकातोंडास रासायनिक वाफ अडविणारा मुखवटा असावा, आणि जवळ चूल, निरांजन वा उदबत्ती मुळींच नसावी. थिनरची वाफ पेट घेते.

या कामांत बहुतेक वेळ रंगविण्यांत न जातां झांकण्यांत व वाट पाहण्यांत जातो. मुलांस तें प्रथम कंटाळवाणें वाटेल. परंतु त्यांस नुसतें रंगवावयास न बसवितां, आधीं घरांतील वडील माणसांस विचारण्यास सांगावें: आपल्या गांवावरून जाणारें इंजिन कोणत्या रंगाचें होतें? पट्टा खिडकीखालीं होता कीं वर? ज्यांस हें आठवतें तीं माणसें अद्याप पुष्कळ घरांत आहेत. त्यांचें उत्तर आज लिहून ठेवलें, तर उद्यांच्या प्रतिकृतीचा रंग खरा उतरेल.