हार्ड डिस्कशिवाय संगणक कसा सुरू होतो?

खोडदच्या जीएमआरटीच्या ३० अँटेनांचा डेटा तुम्ही जुन्नर-आंबेगावात घरी बसून दोन संगणकांवर तपासताय, पण सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या वेगळ्या. मग उत्तरं जुळतीलच असं नाही. म्हणून सिस्टिम एकाच सर्व्हरवर ठेवा आणि दोन्ही संगणक तिथूनच बूट करा.

हे होतं कसं? बायोसमध्ये नेटवर्क बूट निवडलं, की केबलने जोडलेलं नेटवर्क कार्ड डीएचसीपीकडे पत्ता मागतं. उत्तरात बूट फाइलचं ठिकाणही येतं. ती फाइल टीएफटीपीने उतरते, मग कर्नल सुरू होतो आणि रूट फाइलसिस्टिम एनएफएसवरून जोडतो.

टीएफटीपीला पासवर्ड नसतो, ते घराबाहेर उघडू नका. लाइट गेली की सर्व्हरसोबत सगळंच थांबतं. सर्व्हरला यूपीएस लावा. रूट फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती ठेवा, तात्पुरतं लेखन रॅममध्ये होऊ द्या. आणि प्रबंधासाठी सिस्टिमची ती प्रत जपून ठेवा.