मालवाहू जहाजांचे अपघात : मानवी चुकीचे मूल्यमापन

डिचोली तालुक्यातील आमोणे हे मांडवीकाठचे गाव. या परिसरातील खाणींचे लोहखनिज अनेक दशके बार्जमधून मुरगाव बंदराकडे जात असे व तेथून जहाजांनी परदेशी रवाना होई. या मालाचा मोठा धोका मात्र खुल्या समुद्रात प्रकट होतो, आणि त्याचे मूळ पुष्कळदा किनाऱ्यावरच असते.

लोहखनिजाची ओलसर भुकटी ढिगात घट्ट दिसते. जहाजाच्या हेलकाव्यांनी व कंपनांनी कण दाबले जाऊन त्यांमधील पाण्याचा दाब वाढतो आणि भुकटी चिखलाप्रमाणे वाहू लागते. यास द्रवीभवन म्हणतात. माल एका बाजूस सरकतो व जहाज कलते. २००९ च्या पावसाळ्यात भुकटी घेऊन निघालेली दोन जहाजे बुडाली : जुलैत मंगळूरनजीक ‘एशियन फॉरेस्ट’ आणि सप्टेंबरात पारादीपनजीक ‘ब्लॅक रोझ’.

अशा वेळी दोष सहसा कप्तानावर येतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी मात्र अनवधान, विस्मरण, चुकीचा निर्णय आणि जाणूनबुजून केलेले नियमभंग असा भेद केला आहे. मूल्यमापनात हा भेद महत्त्वाचा ठरतो, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. ढिगाच्या वरच्या, वाळलेल्या थरातूनच नमुना घेणे हे अज्ञान असेल, तर प्रशिक्षण हवे. आर्द्रतेचा आकडा मुद्दाम कमी दाखविला असेल, तर प्रशिक्षण निरुपयोगी; तेथे स्वतंत्र तपासणी हवी.

१ जानेवारी २०११ पासून बंधनकारक झालेल्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार आर्द्रतेची तपासणी माल भरण्यापूर्वीच्या सात दिवसांतील असावी लागते. म्हणून चौकशीत क्रमाने विचारावे : नमुना कोणी व कोठून घेतला? त्यानंतर पाऊस पडला काय? माल नाकारण्याचा अधिकार कप्तानाला प्रत्यक्षात वापरता आला काय?

वर्गात समजावण्यास ‘डबा चाचणी’ उपयुक्त आहे. डबा भुकटीने अर्धा भरून सुमारे २० सेंमी उंचीवरून कठीण पृष्ठभागावर २५ वेळा आपटतात. पाणी वर आल्यास किंवा भुकटी पातळ झाल्यास माल भरण्यापूर्वी प्रयोगशाळेची तपासणी आवश्यक ठरते. परंतु पाणी न दिसल्याने माल सुरक्षित ठरत नाही. तसे मानणे हीसुद्धा मानवी चूकच होय.

तात्पर्य, ‘मानवी चूक’ हा चौकशीचा निष्कर्ष नसून प्रारंभ आहे. केवळ शेवटच्या माणसाला शिक्षा केली, तर आधीच्या सर्व चुका पुढच्या जहाजात पुन्हा चढतात.