जपानी भाषा परीक्षा: कांजी ओळखणे वेगळे, लिहिणे वेगळे

जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा, म्हणजेच जेएलपीटी, सर्वसाधारणपणे जुलै आणि डिसेंबर महिन्यांच्या पहिल्या रविवारी जगातील अनेक शहरांत घेतली जाते. नवी दिल्ली हे या परीक्षेचे भारतातील एक महत्त्वाचे केंद्र आहे. जपानी शिक्षण मंत्रालयाच्या शिष्यवृत्तीवर तेथे शिकून आलेल्या भारतीयांची ‘मोसाई’ ही संस्था येथील आयोजन सांभाळत आली आहे. परीक्षार्थींमध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि दिल्ली विद्यापीठात जपानी शिकणारे विद्यार्थी असतात. गुरुग्राम आणि मानेसर येथील जपानी उद्योगांत नोकरी करणारे किंवा ती मिळवू पाहणारे तरुणही असतात. अलीकडे त्यांत परिचारक म्हणून जपानला जाऊ इच्छिणाऱ्यांची भर पडली आहे. या सर्वांना सर्वाधिक धास्ती असते ती कांजीची.

कांजी म्हणजे चीनमधून जपानने स्वीकारलेली भावचिन्हे. जपानी लेखनात त्यांच्या जोडीला हिरागाना आणि काताकाना या दोन उच्चारदर्शक लिप्या वापरल्या जातात. या दोन लिप्या भारतीय विद्यार्थ्यांना फारशा अवघड वाटत नाहीत. अ, इ, उ, ए, ओ आणि त्यानंतर क, स, त, न, ह, म, य, र, व हा त्यांचा वर्णक्रम आपल्या वर्णमालेशी जवळचे नाते सांगतो. बौद्ध ग्रंथांबरोबर जपानला पोहोचलेल्या सिद्धम लिपीच्या अध्ययनातून तो घडला, असे अभ्यासक मानतात. वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि शब्दयोगी अव्यय नामानंतर लागते, त्यामुळे मराठी किंवा हिंदी भाषकाला जपानी वाक्यरचनाही परकी वाटत नाही. खरी चढण त्यानंतर सुरू होते.

एका कांजीचे अनेकदा दोन किंवा अधिक उच्चार असतात. पाण्याचे चिन्ह एकटे आले तर ‘मिझु’ असे वाचले जाते. तेच चिन्ह नळपाणीपुरवठा या अर्थाच्या ‘सुइदो’ या शब्दात आणि बुधवार या अर्थाच्या ‘सुइयोबी’ या शब्दात ‘सुइ’ होते. मराठीत एकच चिन्ह एकटे असताना ‘पाणी’ आणि ‘आशय’ या चिन्हाशेजारी आले की ‘जल’ असे वाचावे लागले असते, तर जी अवस्था झाली असती, तशीच ही आहे. दुसरी अडचण सारखेपणाची. ‘देऊळ’ या अर्थाच्या चिन्हाच्या डावीकडे सूर्याचे चिन्ह जोडले की ‘वेळ’ होते, हाताचे जोडले की ‘धरणे’, वाणीचे जोडले की ‘कविता’ आणि माणसाचे जोडले की ‘सामुराई’. जपानी मुलांनाही हे सारे घोकावेच लागते. तेथील प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत २०२० पासून १,०२६ कांजी शिकवल्या जातात. सर्वसाधारण वापरासाठी शासनाने निश्चित केलेली यादी २,१३६ कांजींची आहे. ती २०१० साली सुधारण्यात आली, त्यापूर्वी हा आकडा १,९४५ होता.

जेएलपीटी १९८४ साली सुरू झाली. जपानबाहेर तिचे काम जपान फाउंडेशन पाहते. आरंभी परीक्षेच्या चार श्रेणी होत्या आणि प्रत्येक श्रेणीसाठी किती कांजी यावयास हव्यात, हेही ठरलेले होते. सर्वांत खालच्या श्रेणीस सुमारे १००, त्यावर ३००, मग १,००० आणि सर्वोच्च श्रेणीस सुमारे २,००० असा हा चढता क्रम होता. २०१० मध्ये परीक्षेची फेररचना होऊन एन-५ ते एन-१ असे पाच स्तर झाले, आणि तेव्हापासून कांजींची अधिकृत यादी प्रसिद्ध करणे थांबविण्यात आले. भाषा शिकण्याचा उद्देश संवाद हा आहे, याद्या पाठ करणे नव्हे, अशी आयोजकांची भूमिका आहे. तत्त्वतः ती योग्यच म्हणावी लागेल. परंतु व्यवहारात विद्यार्थी आणि शिकवणी वर्ग आजही जुन्या याद्यांचाच आधार घेतात, कारण दुसरे काही हाताशी नाही.

परीक्षेत कांजीचे ज्ञान प्रामुख्याने दोन प्रकारे तपासले जाते. एका प्रकारात कांजीत लिहिलेल्या शब्दाचा उच्चार चार पर्यायांतून निवडायचा असतो. दुसऱ्या प्रकारात हिरागानात दिलेल्या शब्दासाठी योग्य कांजी शोधायची असते, आणि ‘धरणे’ व ‘वाट पाहणे’ यांसारखी सारखी दिसणारी चिन्हे नेमकी येथे शेजारी शेजारी मांडलेली असतात. सर्वोच्च एन-१ स्तरावर हा दुसरा प्रकार विचारलाच जात नाही. एकूण गुण १८०. एन-४ साठी ९० आणि एन-२ साठीही ९० गुण आवश्यक असतात, तर एन-१ साठी १००. मात्र प्रत्येक विभागात किमान गुण मिळवावेच लागतात. श्रवणात उत्तम गुण मिळवणारा उमेदवार भाषाज्ञान किंवा वाचनाच्या विभागात किमान मर्यादेखाली गेल्यास अनुत्तीर्ण ठरतो.

या परीक्षेत हाताने एकही कांजी लिहावी लागत नाही. पर्याय ओळखायचा आणि उत्तरपत्रिकेतील वर्तुळ भरायचे, एवढेच. त्यामुळे एन-२ उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीला पत्ता किंवा साधा अर्ज कांजीत लिहिता येईलच, याची हमी प्रमाणपत्र देत नाही. लेखनाची कसोटी पाहणारी परीक्षा वेगळी आहे. जपानमध्ये १९७५ पासून होणाऱ्या ‘कांजी केंतेइ’ या परीक्षेत अक्षर लिहून दाखवावे लागते, रेषांचा क्रम आणि चिन्हाचा मूळ घटकही विचारला जातो. तिची दहावी श्रेणी पहिलीतील मुलांच्या ८० कांजींची आहे. दुसऱ्या श्रेणीत सर्व २,१३६ कांजी येतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी सुमारे ८० टक्के गुण लागतात. पहिली श्रेणी सुमारे ६,००० कांजींची असून ती बहुसंख्य सुशिक्षित जपान्यांनाही पेलत नाही. मात्र ही परीक्षा मुळात जपानी भाषकांसाठी आहे, आणि नोकरीसाठी भारतीय उमेदवाराकडे सहसा जेएलपीटीचेच प्रमाणपत्र मागितले जाते. संगणकावर उच्चार टंकित करून कांजी निवडण्याच्या आजच्या काळात कार्यालयीन कामासाठी ओळखण्याचे कौशल्य बरेचसे पुरते, हेही खरे.

परिचारकांची गोष्ट निराळी आहे. निर्दिष्ट कौशल्यधारक कामगारांबाबत भारत आणि जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये सहकार्य करार झाला. ऑगस्ट २०२५ मधील शिखर बैठकीत पाच वर्षांत भारतातून ५०,००० कुशल व्यक्ती जपानला जाव्यात, असे उद्दिष्ट ठरविण्यात आले. या योजनेत भाषेची अट एन-४ किंवा तिच्या तोडीच्या अन्य परीक्षेची आहे. परिचर्येसाठी त्या क्षेत्रातील शब्दांची वेगळी चाचणीही द्यावी लागते. एन-४ म्हणजे जुन्या हिशेबाने सुमारे ३०० कांजी. परंतु वृद्धाश्रमातील नोंदवहीत अंथरुणाला खिळल्याने होणाऱ्या जखमेसाठी ‘जोकुसो’ आणि घास श्वासनलिकेत जाण्यासाठी ‘गोएन’ हे शब्द वारंवार येतात. पहिल्या शब्दातील दोन्ही आणि दुसऱ्या शब्दातील एक कांजी शासनाच्या २,१३६ च्या यादीतही नाही. ही नोंद वाचण्यात चूक झाली, तर त्याचा परिणाम रुग्णाच्या जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचतो. ही अडचण जपानने काही अंशी मान्य केली आहे. द्विपक्षीय आर्थिक करारांनुसार इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि व्हिएतनाममधून आलेल्या उमेदवारांना परिचर्येच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत प्रत्येक कांजीवर तिचा उच्चार छापलेली प्रश्नपत्रिका आणि अधिक वेळ देण्याची सोय करण्यात आली. रात्रपाळीच्या नोंदवहीवर मात्र असे उच्चार सहसा छापलेले नसतात.