कादिझ : जागाच नसलेलं जुनं शहर कसं वाचायचं?

स्पेनच्या नकाशात अगदी खाली, अटलांटिक समुद्राच्या बाजूला, जमिनीची एक बारीक जीभ पाण्यात शिरलेली दिसते. त्या जिभेच्या टोकावर कादिझ वसलंय. तीन बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूला जेमतेम एक वाट. मुलांना हे शहर दाखवायचं असेल तर आधी हा नकाशा दाखवा आणि विचारा, "इथे लोकवस्ती वाढली तर ती जाईल कुठे?" मुलं थोडा विचार करतात आणि म्हणतात, "वर!" एखादा हुशार म्हणतो, "किंवा खाली." दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. कादिझचा जुना भाग समजून घ्यायला ही एवढी किल्ली पुरते.

पश्चिम युरोपातलं सर्वांत जुनं शहर म्हणून कादिझची ओळख सांगितली जाते. पूर्व भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरून, म्हणजे आजच्या लेबनॉनकडून आलेल्या फिनिशियन व्यापाऱ्यांनी ते वसवलं. त्यांनी दिलेलं नाव 'गादिर', म्हणजे तटबंदी असलेली जागा. रोमनांनी त्याचं 'गादेस' केलं, अरबांनी 'कादिस', आणि पुढे कादिझ. परंपरा सांगते की शहर तीन हजार वर्षांहून जुनं आहे. उत्खननातले सर्वांत जुने पुरावे साधारण इ.स.पू. ९ व्या शतकापर्यंत जातात. वर्गात हे दोन्ही सांगावं असं मला वाटतं. परंपरा काय म्हणते आणि माती काय म्हणते, यातला फरक मुलांना लहानपणीच कळलेला बरा.

आता गंमत बघा. एवढं जुनं शहर म्हणून तुम्ही गल्ल्यांतून फिरू लागलात तर दिसतात ती घरं बहुतेक १७ व्या-१८ व्या शतकातली. मग बाकीची अडीच हजार वर्षं गेली कुठे? एक कारण १५९६ सालचं. त्या वर्षी इंग्रज आणि डच आरमाराने शहर लुटलं आणि जाळलं. दुसरं कारण आपण आधीच पाहिलं. जागा नव्हती, म्हणून प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीच्या डोक्यावरच घर बांधलं.

'एल पोपुलो' ही सर्वांत जुनी वस्ती. मध्ययुगीन तटाच्या तीन कमानी आजही तिथे उभ्या आहेत आणि लोक त्यांच्याखालून रोज भाजी घेऊन जातात. १९८० मध्ये इथे मध्ययुगीन किल्ल्याचे अवशेष शोधायला खणायला सुरुवात झाली आणि हाती लागलं रोमन नाट्यगृह! इ.स.पू. पहिल्या शतकातलं, स्पेनमधल्या सर्वांत मोठ्या रोमन नाट्यगृहांपैकी एक. ते बांधणारं बाल्बस घराणं याच गावचं. इतकी प्रचंड वास्तू शेकडो वर्षं घरांच्या पायाखाली होती आणि वर राहणाऱ्यांना पत्ता नव्हता. आजही ती पूर्ण मोकळी केलेली नाही. कशी करणार? वर घरं आहेत.

त्याहून खोल जायचं तर बाहुल्यांच्या नाट्यगृहात जावं लागतं. 'ला तिआ नोरिका' हा कादिझचा जुना, लाडका बाहुलीनाट्याचा प्रकार. त्याच्या नाट्यगृहाखाली, आजच्या जमिनीपासून सुमारे ९ मीटर खोल, फिनिशियन गादिरचे रस्ते आणि घरं सापडली. वर मुलं बाहुल्या बघून हसतायत आणि खाली अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीची चूल! थर म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

एक गोष्ट मुलांना हमखास आवडते. १८८७ मध्ये कादिझला माणसाच्या आकाराची संगमरवरी फिनिशियन शवपेटी सापडली, दाढीवाल्या पुरुषाची. पुढे पेलायो किंतेरो नावाच्या पुरातत्त्वज्ञाला खात्री वाटू लागली की तिची जोडीदार, स्त्रीची शवपेटीही इथेच कुठेतरी असणार. तो वर्षानुवर्षं शोधत राहिला आणि ती न सापडताच १९४६ मध्ये वारला. १९८० मध्ये ती सापडली आणि तीही, असं सांगतात, त्याचं स्वतःचं घर जिथे होतं त्याच जागेत. आज दोघं शेजारी शेजारी कादिझच्या संग्रहालयात आहेत.

हे झालं खाली. आता वर बघा. १७१७ मध्ये अमेरिकेशी होणाऱ्या स्पॅनिश व्यापाराचं मुख्य कार्यालय सेव्हिल शहरातून कादिझला हलवलं गेलं. सेव्हिल नदीकाठी, आत. जहाजं मोठी होत गेली तशी नदीच्या मुखाशी वाळूत अडकू लागली. कादिझ थेट समुद्रावर. मग इथे पैसा आला आणि व्यापाऱ्यांनी घरांवर मनोरे चढवले. उद्देश साधा. आपलं जहाज आलं का, हे शेजाऱ्याच्या आधी कळलं पाहिजे! असे शंभरहून अधिक मनोरे आजही गच्च्यांवर आहेत. त्यातला एक अष्टकोनी मनोरा रस्त्यावरून कुठूनही दिसत नाही. लोक त्याला 'लपलेली सुंदरी' म्हणतात.

१७७८ मध्ये तावीरा मनोरा बंदराचा अधिकृत टेहळणी मनोरा ठरला. त्यात १९९४ पासून एक 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' आहे. अंधारी खोली, छतावर भिंग आणि आरसा, खाली पांढरी, वाटीसारखी खोलगट मेज. त्या मेजेवर शहराचं जिवंत चित्र उमटतं. दोरीवरचे कपडे हलताना दिसतात, पक्षी उडताना दिसतात. वीज नाही, पडदा नाही. बुटाचं खोकं, सुईने पाडलेलं भोक आणि मागे तेलकट कागद एवढ्यावर वर्गात हेच तत्त्व दाखवता येतं. फक्त चित्र उलटं का पडतं, हे मुलांनाच शोधू द्या, लगेच सांगू नका.

चालताना कोपऱ्यांकडे लक्ष ठेवा. अनेक घरांच्या कोपऱ्याला जुनी तोफ उभी गाडलेली दिसते. गल्ल्या इतक्या अरुंद की वळताना घोडागाडीचं चाक भिंतीला घासायचं, म्हणून निकामी तोफांचं हे संरक्षण. भिंतींचा दगडही पाहण्यासारखा आहे. खडबडीत, आणि त्यात अख्खे शिंपले. समुद्राच्या तळाशीच बनलेला हा दगड. म्हणजे शहर समुद्राच्या काठावरच काय, समुद्राच्याच अंगाने बांधलंय.

याच गल्ल्यांमधल्या सान फेलिपे नेरी या प्रार्थनामंदिरात १९ मार्च १८१२ ची स्पॅनिश राज्यघटना आकाराला आली. जवळजवळ सगळा स्पेन नेपोलियनच्या ताब्यात, कादिझला फ्रेंचांचा वेढा, आणि आत अमेरिका-फिलिपीन्ससकटचे प्रतिनिधी बसून ठरवतायत की सार्वभौमत्व राजाचं नाही, राष्ट्राचं. स्त्रियांना त्यात मताधिकार नव्हता, कॅथलिक सोडून दुसऱ्या धर्माला जागा नव्हती, हेही सांगायला हवं. तो दिवस संत जोसेफचा. होसेचं लाडकं नाव पेपे, आणि राज्यघटना आपल्यासारखीच स्पॅनिशमध्येही 'ती', म्हणून लोकांनी तिला 'ला पेपा' म्हटलं. भाषेच्या तासाला हे चालून जाईल.

या घटनेचं एक टोक आपल्याकडे येतं. १८२० च्या क्रांतीनंतर पोर्तुगालने आपली १८२२ ची घटना बनवताना कादिझचा नमुना समोर ठेवला. त्याच काळात लिस्बनच्या संसदेसाठी गोव्यातूनही प्रतिनिधी निवडले गेले, त्यात बर्नार्दो पेरेस द सिल्वा हे गोवेकर होते. इतिहासाच्या पुस्तकात ही साखळी एका ओळीतही सापडत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आज कादिझपुढचा प्रश्न पुन्हा जागेचाच आहे. १९९० च्या सुमारास दीड लाखांवर असलेली लोकसंख्या आता १ लाख १० हजारांच्या आसपास आली आहे. वाढायला जमीन नाही, घरं महाग, आणि जुन्या भागातली घरं पर्यटकांना भाड्याने देणं जास्त फायद्याचं. तरुण कुटुंबं खाडीपलीकडच्या गावांत राहायला जातात आणि कामासाठी रोज पुलावरून परत येतात. २०१५ मध्ये उघडलेल्या नव्या पुलाचं नाव 'ला पेपा'च आहे.