कातीव कामात आधी धार, मग हत्यार

लाटणे, भोवरा, पाळण्याचे खूर, देव्हाऱ्याचे खांब या साऱ्या वस्तू फिरत्या लाकडावर घडविल्या जातात. सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी याच कातारी कौशल्यावर उभी आहेत. हौसेने असे काम शिकणाऱ्यांपुढे, मग ते शहरात असोत वा पैठण तालुक्यातील पाचोडसारख्या गावात, पहिला प्रश्न असतो तो हत्यारांचा.

दुकानात सहज मिळते ती सुताराची पटाशी. लेथवर ती चालवणे धोक्याचे आहे. लाकूड मिनिटाला हजार-दीड हजार फेरे घेत असते आणि पात्याचे टोक सतत खाली ओढत असते. त्यामुळे जाड पाते आणि लांब मूठ असलेलीच हत्यारे हवीत. सुरुवातीला चार पुरतात : चौकोनी लाकूड गोल करणारी रुंद पन्हळीची पटाशी (रफिंग गाऊज), वळणे काढणारी लहान गाऊज, खाच पाडणारे पार्टिंग आणि खरवडणारे स्क्रेपर. तिरक्या धारेची ‘स्क्यू’ मोहक असली, तरी नवख्याच्या हातात ती लाकडात रुतते. ती नंतर घ्यावी. रफिंग गाऊज वाडगा कोरण्यास कधीही वापरू नये. मुठीत शिरणारा तिचा भाग अरुंद असल्याने ती मोडू शकते.

पोलाद कोणते, याला महत्त्व आहे. साध्या कार्बन पोलादाची धार ग्राइंडरवर तापून निळी पडली, की तेवढ्या भागाचे पाणी उतरते. म्हणून ते वारंवार पाण्यात बुडवावे लागते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात गाजलेले हाय-स्पीड स्टील मूळचे धातू कापण्यासाठीचे. ते लालसर तापले तरी कठीण राहते. नवख्यांकडून चुका ग्राइंडरवरच होतात, हे पाहता त्याची जास्त किंमत वसूल होते. हे पोलाद मात्र तापल्यावर पाण्यात बुडवू नये. सूक्ष्म तडे जाण्याची भीती असते.

हत्यारांचा मोठा संच घेण्यापेक्षा ते पैसे ग्राइंडरवर खर्च करावेत. त्याला साठ ते ऐंशी नंबरचा पांढरा अॅल्युमिनियम ऑक्साइडचा दगड आणि घट्ट बसणारा टेकू असावा. रफिंग गाऊजला सुमारे ४५ अंशांचा उतार ठेवतात, लहान गाऊजला ३५ ते ४० अंशांचा. कोन जुळला की नाही, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. उतारावर मार्करची शाई फासावी, ग्राइंडर बंद ठेवून दगड हाताने फिरवावा. शाई केवळ धारेपाशी पुसली गेली तर कोन जास्त उभा आहे, मागच्या कडेला पुसली गेली तर जास्त आडवा. सगळीकडे सारखी पुसली गेली, की यंत्र सुरू करून हलक्या हाताने दोन-तीन वेळा फिरवणे पुरेसे असते. दाब दिल्याने धार लवकर येत नाही, पोलाद मात्र झिजते. डोळ्यांवर चष्मा हवाच.

सुकलेली बाभूळ धार लवकर खाते, म्हणून सरावाला आंबा किंवा पांगारा बरा. गाऊजमधून लांब ढलप्या निघण्याऐवजी भुसा उडू लागला, की हातावर जोर न वाढवता लेथ थांबवावी आणि पुन्हा दगडाकडे जावे.